रत्नदीपचं चार-सहा-शून्य

हिंजवडीच्या आमच्या कंपनीत रत्नदीप ओव्हाळला सगळे ओळखत, पण चेहऱ्याने फार थोडे. कुणाचा तरी कॉम्प्युटर बंद पडलेला असायचा, रत्नदीप टेबलाखाली वायरी तपासत असायचा आणि आम्हाला दिसायचे ते त्याचे बूट. गडी मुळशीकडच्या माले गावचा. घरी वडील सोमनाथ, दीड एकर भात, आई अनुसया, आणि बायको गौतमी अंगणवाडीत. हार्डवेअरचा डिप्लोमा करून २००५ साली तो सपोर्टला, म्हणजे मशिनांच्या देखभालीला, लागला. पौड, घोटावडे, माण असं करत रोज मोटारसायकलवरून यायचा आणि कंपनीच्या गार कॅबमधून येणाऱ्या आमच्याआधी पोचायचा.

स्क्रीनवर काहीही आलं की लोक न वाचता ‘येस’ दाबतात आणि कॉम्प्युटरची निम्मी दुखणी त्यातूनच होतात, असं त्याचं ठाम मत होतं. मजल्यावरच्या एकशे वीस मशिनवर त्याने पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: ‘आधी वाचा, मग दाबा.’ आम्ही त्या वाचल्या नव्हत्या.

आम्ही सहा जण जेवणाच्या सुट्टीत फुटबॉल मॅनेजरचा गेम खेळायचो. ह्या गेममध्ये फुटबॉल खेळायचा नसतो, खेळवायचा असतो. खेळाडू निवडायचे, कोण कुठे उभा राहील ते ठरवायचं आणि मग हिरव्या पट्ट्यावर रंगीत टिकल्या पळताना बघत बसायचं. शाळा सुटल्यापासून आमच्यातल्या एकाच्याही पायाला चेंडू लागला नव्हता, पण इंग्लंडमधल्या बचावफळ्यांवर आमची मतं फार कडक होती. आमच्या ह्या सहा टीमांच्या लीगचे कर्तेधर्ते म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर शैलेश सर. मूळ नागपूरचे. ऑफिसच्या मशिनवर हा गेम टाकायला त्यांनीच रत्नदीपला सांगितलं होतं, आणि कागदोपत्री त्याची नोंद ‘टीम बिल्डिंगचं साधन’ अशी करवून घेतली होती.

२००८च्या उन्हाळ्यात आमच्यातला एक जण कंपनीकडून अमेरिकेला गेला. पाच टीमांचं वेळापत्रक बसेना.

“रत्नदीपला बसवा,” शैलेश सर म्हणाले. “गेम त्यानेच टाकलाय. कुठलं बटण कुठे आहे ते तरी माहीत असेल.”

त्याला जी टीम दिली तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच उच्चारता येत नव्हतं. तळाची टीम. अगदी पुढे उभा राहून गोल मारतो तो स्ट्रायकर. असे दोन स्ट्रायकर रत्नदीपकडे होते. एकाचा तिसऱ्याच सामन्यात पाय मोडला. खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपायच्या दिवशी दुसऱ्याला कुठल्याशा टीमने मागणी घातली. स्क्रीनवर चौकट आली, आणि एकशे वीस चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या रत्नदीपने ती न वाचता ‘येस’ दाबलं.

आम्ही इतके हसलो की पलीकडच्या विभागातले लोक उठून बघायला आले. रत्नदीप कानापर्यंत लाल झाला. मुदत संपली होती. आता गेममधल्या जानेवारीत देवघेव पुन्हा सुरू होईपर्यंत त्याची टीम स्ट्रायकरशिवाय खेळणार होती.

घरी त्याच्याकडे ऑफिसने भंगारात काढलेल्या तीन मशिनांतून जुळवलेला एक कॉम्प्युटर होता. सेव्ह केलेला गेम घेऊन तो रविवारी त्याच्यासमोर बसला. सोमनाथ शेजारी येऊन टेकले.

“ह्यात माणसं कुटं हायेत?”

“ह्या टिकल्या म्हंजी माणसं, आबा.”

“आन् फुडं कोन न्हाई का तुजं?”

“न्हाई. विकला चुकून.”

सोमनाथ बराच वेळ बघत राहिले. “मग गोल कोन करनार?”

“जो पोचंल त्यो,” रत्नदीप म्हणाला. ते त्याने वैतागून म्हटलं होतं. पण म्हटल्यावर त्याला ते बरं वाटलं. त्याने मागे चार माणसं ठेवली, मध्ये सहा, आणि पुढची जागा मोकळी सोडली. चार-सहा-शून्य.

सोमवारी त्याने पहिला सामना तीन-शून्यने जिंकला. समोरच्या टीमचे बचाववाले खांबासारखे उभे राहिले. धरायचं कुणाला हेच त्यांना कळेना, आणि तोवर मधल्या फळीतला कुणीतरी मागून पळत येऊन गोल करून जाई. मंगळवारी दोन-शून्य. पुढच्या आठवड्यात त्याने शैलेश सरांना चार-शून्यने हरवलं, तेव्हा हसणं थांबलं. दिवाळीपर्यंत रत्नदीपची टीम पहिल्या नंबरवर होती आणि लोक त्याला टेबलाखालून बाहेर बोलावून सल्ला विचारू लागले होते. मीही विचारला. तो म्हणाला, “मला फुटबॉलमधलं काही कळत न्हाई सर,” आणि तो फार खोल माणूस आहे असं आमचं मत झालं.

दिवाळीनंतर मंदी आली. अमेरिकेत बँका बुडाल्या आणि हिंजवडीत कॉफीचं मशीन काढून नेलं. प्रत्येक मॅनेजरने काहीतरी नवं करून दाखवावं, असा वरून हुकूम आला. शैलेश सर दोन दिवस केबिनमध्ये बसून राहिले आणि बेचाळीस स्लाइड घेऊन बाहेर आले. पहिल्या स्लाइडवर हिरवं मैदान होतं. वर लिहिलं होतं: ‘स्ट्रायकरविना संघटना’.

कल्पना अशी की टीममध्ये पुढे उभा असलेला एकच माणूस असला की सगळं त्याच्यावर अडतं. म्हणून तो माणूसच काढायचा. सगळे मधल्या फळीत. काम ह्याच्याकडून त्याच्याकडे फिरत राहील आणि जो पोचेल तो पूर्ण करेल.

ह्यावर बोलायला रत्नदीपला सभागृहात उभं केलं. कुणाचा तरी टाय त्याच्या गळ्यात बांधला होता.

“तुला हे कसं सुचलं, ते सांग सगळ्यांना,” शैलेश सर म्हणाले.

“सुचलं न्हाई सर. चुकीचं बटण दाबलं.”

दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्रेचाळिसावी स्लाइड तयार झाली: ‘चुकीचं बटण दाबण्याचं धैर्य’. खाली रत्नदीपचा टायवाला फोटो.

आमच्या प्रोजेक्टमध्ये पुढे उभी असायची ती उत्कर्षा. टीम लीडर. अमेरिकेतल्या क्लायंटशी रोज संध्याकाळी फोनवर तीच बोलायची, शेवटचा निर्णय तिचाच असायचा, आणि चूक निघाली की ऐकून घ्यायचीही तीच. नव्या पद्धतीत हे पदच गेलं. तिला कोपऱ्यातलं टेबल आणि आलेख काढायचं काम मिळालं. तिच्या हाताखालचे आम्ही सहा जण मधल्या फळीत आलो. मीही त्या सहांत होतो, आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. संध्याकाळी क्लायंटचा फोन वाजला की आता आम्ही एकमेकांकडे बघायचो.

पहिल्याच महिन्यात क्लायंटची एक तक्रार आली. ती मी पाहिली आणि आदरपूर्वक पुढे पाठवली. पुढच्याने त्यावर ‘कृपया लक्ष घालावे’ असं लिहून पुढे दिली. अकराव्या दिवशी ती माझ्याकडे परत आली. तेव्हा तिच्याखाली एकोणीस शेरे होते आणि सगळे सभ्य होते. शैलेश सरांनी त्याचा आलेख करायला सांगितला. आलेखावरून आमच्यातला संवाद तिपटीने वाढल्याचं सिद्ध झालं. आलेख उत्कर्षाने काढला.

एका दुपारी तिचा प्रिंटर अडकला म्हणून रत्नदीप तिच्या टेबलाखाली शिरला. मी शेजारीच होतो.

“रत्नदीप, एक विचारू?” ती खाली वाकून म्हणाली. “तुझ्या टीममध्ये गोल नक्की कोण करतं?”

“सोळा नंबर, मॅडम. बारीक पोरगा हाय. मागनं पळत येतो. सगळ्यांत जास्त त्योच पळतो. निम्म्याच्या वर गोल त्याचेच.”

“म्हणजे एक जण आहेच.”

“हाय की. फक्त त्याला स्ट्रायकर म्हणत न्हाईत. त्यो आजारी पडला तेव्हा दोन मॅच हरलो.”

“हे शैलेशना सांगितलंस?”

“सांगितलं मॅडम. म्हणाले, स्लाइडमध्ये बसत न्हाई.”

उत्कर्षा हसली नाही. प्रिंटर चालू झाला आणि त्यातून आमच्या संवादाचे आलेख बाहेर पडू लागले.

२००९च्या फेब्रुवारीत गेम मध्येच अडकायला लागला. शैलेश सरांनी सपोर्टकडे रीतसर तक्रार नोंदवली, ‘अत्यंत तातडीची’ म्हणून. पुढच्या शुक्रवारी वरच्या ऑफिसातून विभागप्रमुख चंद्रकांत सर येणार होते आणि त्यांना चार-सहा-शून्य प्रत्यक्ष खेळून दाखवायचं होतं. रत्नदीपने शोध घेतला, तर गेमवाल्यांनी दुरुस्ती काढली होती. ती टाकली की अडकणं थांबणार होतं. बरोबर दुरुस्त केलेल्या चुकांची यादी होती. अशा याद्या जगात कुणी वाचत नाही. रत्नदीपने आता ‘येस’चा धसका घेतला होता, म्हणून त्याने ती सगळी वाचली. सतराव्या ओळीत होतं, की समोर स्ट्रायकर नसला तर बचावपटू जागीच उभे राहत. ही चूक दुरुस्त केली आहे.

तो उठला आणि थेट केबिनमध्ये गेला.

“सर, एक सांगायचं होतं. आपण जिंकतोय ते...”

“मेल टाक रे,” शैलेश सर स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले. “आणि टीमला त्यात ठेव. आता मी एकटा निर्णय घेत नाही, माहितीये ना.”

रत्नदीपने मेल लिहिली. ती माझ्याकडे अजून आहे. ‘ही दुरुस्ती टाकली तर गेम अडकणार नाही, पण स्ट्रायकर नसलेली टीम हरेल. आतापर्यंत आपण गेममधल्या चुकीमुळे जिंकत होतो. टाकू का नको, कृपया सांगावे.’ इतकी स्पष्ट मेल आमच्या कंपनीत पूर्वी कुणी लिहिली नसेल. आम्हा सहा जणांना ती मिळाली. मी अर्धी वाचली, विषय गंभीर वाटला, पुढे दिली. पुढच्याने पुढे दिली. गुरुवारी सकाळी ती फिरत फिरत सपोर्ट विभागाकडे, म्हणजे रत्नदीपकडेच पोचली. वर लिहिलं होतं: ‘योग्य ती कारवाई करावी.’

गौतमी म्हणते की त्या दिवशी त्याने तिला दुपारी अंगणवाडीत फोन केला होता. “मेल माज्याकडंच आली फिरून. काय करू?”

“मशीन नीट करायचा पगार घेता ना तुमी?”

“व्हय.”

“मग करा की नीट.”

त्याने गेमच्या सहाही मशिनवर दुरुस्ती टाकली, तक्रार ‘पूर्ण’ म्हणून बंद केली आणि तशी मेलही सगळ्यांना पाठवली.

शुक्रवारी सभागृहाच्या मोठ्या पडद्यावर सामना सुरू झाला. शैलेश सर चार-सहा-शून्यने खेळत होते. गेम एकदाही अडकला नाही. टिकल्या सुंदर फिरत होत्या, इकडून तिकडे, तिकडून इकडे. पण समोरचे बचाववाले आता खांबासारखे उभे नव्हते. ते पुढे येऊन चेंडू काढून घेत होते. मध्यंतराला शून्य-दोन झालं होतं, शेवटी शून्य-सहा. शैलेश सरांच्या कपाळावरचा घाम पडद्याच्या हिरव्या उजेडात चमकत होता.

“चेंडू मात्र अडुसष्ट टक्के वेळ आपल्याकडे होता,” ते म्हणाले.

चंद्रकांत सरांनी चष्मा काढला. “जिंकणारी पद्धत दाखवणार होता ना?” मग प्रोजेक्टरची वायर धरून कोपऱ्यात उभ्या असलेल्या रत्नदीपकडे त्यांचं लक्ष गेलं. फोटोवरून त्यांनी त्याला ओळखलं. “तूच ना तो? काय झालं हे?”

“सर, आधी जिंकत होतो ती गेममधली चूक होती. काल दुरुस्त केली.”

“म्हणजे चार महिने आम्ही अख्खा प्रोजेक्ट एका चुकीवर चालवला?”

रत्नदीप गोंधळला. त्याला खरोखर कुणाला टोमणा मारायचा नव्हता. “प्रोजेक्टचं मला ठाऊक न्हाई सर,” तो म्हणाला. “मी फक्त मशीन बघतो.”

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून उत्कर्षाचं हसू तेवढं ऐकू आलं, आणि ते आवरायला तिला वेळ लागला.

त्यानंतर जे व्हायचं ते कंपनीच्या रीतीने झालं. समिती नेमली. ‘स्ट्रायकरविना संघटना’ हे नाव बदलून ‘लवचीक संघटना’ केलं. तोवर क्लायंटनेच पत्र पाठवून विचारलं की आधी फोनवर बोलणाऱ्या बाई कुठे आहेत, आणि सोमवारपासून उत्कर्षा पुन्हा फोनवर बसली. साचलेलं काम तिने तीन आठवड्यांत उरकलं. आम्ही मधल्या फळीतून मुकाट्याने खाली उतरलो. शैलेश सर जूनमध्ये दुसऱ्या कंपनीत वरच्या पदावर गेले. त्यांनी तिकडे दिलेल्या माहितीत ‘संघटनेचं नवं प्रारूप उभारण्याचा अनुभव’ असं होतं, आणि ते खोटं नव्हतं. रत्नदीपला ‘पूर्वसूचना दिल्याबद्दल’ प्रशस्तिपत्रक मिळालं. त्यावर नाव ‘प्रदीप’ छापलं होतं.

गेम मात्र त्याने पुढचा अख्खा मोसम खेळला. फिनलंडचा चौतीस वर्षांचा एक स्ट्रायकर घेतला. तो फारसा पळायचा नाही. टीम नववी आली. रत्नदीपला नववा नंबर आवडला. आता कुणी त्याला सभागृहात उभं करत नव्हतं.

२०१०च्या सुरुवातीला कंपनीने सपोर्टचं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं. त्याच टेबलांखाली तेच काम, फक्त ओळखपत्राची दोरी निळीऐवजी भगवी. रत्नदीपने दोन महिने ती दोरी घातली आणि सोडून दिली. कासार आंबोलीच्या बाजूला एका कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा निघाली होती. उत्कर्षाने त्याला शिफारसपत्र लिहून दिलं, आणि त्यात त्याचं नाव बरोबर होतं.

आता तो दिवसाउजेडी घरी पोचतो. पहिल्या दिवशी साडेपाचला त्याची मोटारसायकल अंगणात आली, तेव्हा सोमनाथ गोठ्यातून धावत बाहेर आले.

“काय रं, काढून टाकलं का काय?”

“न्हाई आबा. सुटलं कालेज.”

सोमनाथना ते पटलं नाही. त्यांनी गौतमीला आत जाऊन पुन्हा विचारलं.

“कालेज सुटतं तेवढ्यालाच,” ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवलं.