टाकीवाल्यांची कयाक

चूक अप्पांची होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या घरी हा विषय निघाला की चहा येईपर्यंत सगळा दोष माझ्या अंगावर आलेला असतो.

अप्पा म्हणजे माझे वडील. अंबडला त्यांचा फायबरच्या पाण्याच्या टाक्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर एक पत्र्याची शेड, रेझिनचा वास आणि अप्पांचा आवाज. मी इंजिनीअरिंग पहिल्याच वर्षी सोडून त्या शेडमध्ये येऊन बसलेलो. का सोडलं, याची तेव्हा माझ्याकडे फार जहाल कारणं होती. शिक्षणव्यवस्था, गुलामगिरी वगैरे. आता नीट आठवायला गेलं की फक्त मॅथ्स आठवतं.

अशा माणसांत राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीच्या तळाला गाळ बसतो तसे ते आपोआप बसतात. आपण फक्त टाकी धुवायची नाही.

दोन हजार तीन-चारचा सुमार. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला रिसॉर्ट काढणारे देवरे साहेब टाक्या घ्यायला आले आणि त्यांनी खिशातून एक फोटो काढला. परदेशातली कयाक. एका माणसाची लांबट नाव. वर बसायचं, दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं मारायचं आणि निवांत गळ टाकून मासे पकडायचे. मागं गळाच्या काठ्या उभ्या करायला दोन नळकांडी.

"फायबरचीच असते. जमेल का?" त्यांना मुंबईच्या पाहुण्यांसाठी डझनभर हव्या होत्या. आधी एक सँपल. ते स्वतः पाण्यावर बसून बघणार आणि मगच ऑर्डर.

अप्पांनी फोटो हातात घेतला, आडवा धरला, उभा धरला. "यात काय? टाकी आडवी केली की नाव!"

त्या दिवशी जेवताना आमचा करार झाला. सँपल पास झालं तर नावांचं काम माझं. वेगळी शेड, वर माझ्या नावाचा बोर्ड, आणि कॉलेजचा विषय घरात कायमचा बंद. नापास झालं तर मी सटाण्याला मामाकडे. मामाचा कांद्याचा व्यापार. तो शेजारच्याच पाटावर बसला होता. त्यानं माझा हात धरला, बैल बघतात तसा उलटासुलटा करून बघितला आणि त्याच्या अहिराणीत म्हणाला, "हात चांगला शेतस तुना, कांदा निवडाले."

* * *

अप्पांची माल विकायची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की टाकी पालथी घालायची, दोन्ही हातांनी वीट डोक्यावर उचलायची आणि दणकन टाकीवर आपटायची. विटेचे तुकडे! टाकीला ओरखडा नाही. मग अप्पा हात झटकत म्हणायचे, "घ्या. तुमचा नातूपण हीच वापरेल."

चौथीत असताना 'माझे वडील' या निबंधात मी लिहिलं होतं, "माझे वडील विटा फोडतात." बाईंनी फी माफीचा फॉर्म घरी पाठवला.

* * *

देवरे साहेबांचं एकच म्हणणं होतं, "मला दोन गोष्टी बघायच्यात. परफॉर्मन्स आणि कम्फर्ट."

परफॉर्मन्स माझ्याकडे आला, कारण पोहता मलाच येत होतं. कम्फर्टची जबाबदारी अप्पांनी त्यांचे मित्र भास्करकाका यांच्यावर सोपवली. काका पाण्याच्या खात्यातून रिटायर झालेले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हात लावलेलं एकमेव पाणी म्हणजे ऑफिसातल्या माठातलं. पण त्यांची निवड त्यासाठी झाली नव्हती.

"भास्करला मूळव्याध आहे," अप्पा म्हणाले. "तो जिथं तासभर बसू शकतो, तिथं जगात कोणीही बसू शकतो."

काका आले. पेपर घेऊन आले. शेडमध्ये जमिनीवर ठेवलेल्या कयाकमध्ये बसले, पहिल्या पानापासून छोट्या जाहिरातींपर्यंत सगळा पेपर वाचला, वर चहा घेतला आणि उठून जाहीर केलं, "एक नंबर. मला काही जाणवलं नाही."

"काका, पण पाण्यावर?" मी विचारलं.

"चिरंजीव, बूड तेच आहे ना?"

* * *

फोटोतल्या कयाकच्या तळाला आरपार भोकं होती. त्यामागचं कारण मला माहीत होतं आणि मला काही माहीत असण्याचे प्रसंग कमी, म्हणून मी ते ओरडून सांगितलं. वल्ह्याचं पाणी मांडीवर गळतं, लाटेचं आत येतं, ते निघून जायला तळातून नळ्या काढलेल्या असतात.

अप्पा शांतपणे म्हणाले, "वीस वर्षं भोकं बुजवून तुम्हाला जेवायला घातलं. माझ्या शेडमधून भोक असलेला माल बाहेर जाणार नाही."

तर बिनभोकाची कयाक पाण्यात उतरली. जानेवारी महिना, सकाळची वेळ. प्रत्येक वल्ह्याबरोबर एक ओंजळ पाणी माझ्या मांडीवर. थोड्या वेळानं मी घोट्यापर्यंत पाण्यात होतो, मग कमरेपर्यंत. दात वाजायला लागले. काठावर अप्पा काकांना अभिमानानं सांगत होते, "बघ भास्कर! थेंब गळत नाहीये!"

खरंच गळत नव्हता. सगळा माझ्याजवळ होता.

"कम्फर्ट कसा वाटतो?" काकांनी हात तोंडाशी धरून विचारलं.

"बादलीत बसल्यासारखा!"

काका अप्पांकडे वळले. "गारवा चांगला आहे म्हणतोय."

तळाला नळ्या शेवटी बसल्या त्या आईमुळं. इंजिनीअरिंगचा काही संबंध नाही. तिनं माझी ओली पँट अप्पांच्या ताटाशेजारी आणून ठेवली आणि म्हणाली, "उद्यापासून ही तुम्ही वाळत घाला." दुसऱ्याच दिवशी चार भोकं!

* * *

आता माझी अक्कल ऐका. नुसते म्हातारेच मूर्ख होते असं नाही.

मला वाटलं, बैठक फार खाली आहे. पाय आखडतात. उंच बसलं की पाय मोकळे आणि लांबचा मासाही दिसतो! मी फायबरचा एक चौकोनी ठोकळा केला, त्यावर आमच्या जुन्या स्कूटरची सीट ठोकली आणि 'एर्गोनॉमिक्स' हा शब्द दिवसभर सगळ्यांच्या तोंडावर फेकला. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी नावाचं प्रकरण ज्या पुस्तकात होतं, ते मी कॉलेज सोडताना रद्दीत घातलं होतं.

सीट ओळखीची दिसल्यावर काकांना जोर आला. "यावर मीच बसणार. असल्या सीटवर मी आयुष्य काढलंय."

बसले. निघाले. चार हात गेले आणि जलपर्णीत अडकले. वल्हं हलेना, नाव हलेना. आता काकांच्या वयाच्या माणसाची स्कूटर बंद पडली की तो काय करतो? डावीकडं आडवी करतो. काकांनी दोन्ही हातांनी कडा धरल्या आणि सवयीनं कयाक डावीकडं आडवी केली.

झाली. पूर्ण झाली.

काका कमरेएवढ्या पाण्यातून वर आले. एका हातात चष्मा, डोक्यावर जलपर्णी. काठावरून अप्पा ओरडले, "भास्कर, चोक देऊन बघ!"

त्या दिवशी सीट निघाली आणि बैठक परत खाली गेली. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या कारकिर्दीतला तेवढाच शांत आठवडा.

* * *

नाव टिकाऊ होती, प्रश्नच नाही. अप्पांनी टाकीला घालतात तेवढेच फायबरचे थर घातले होते. उचलायला चार माणसं लागायची. मी जीव खाऊन वल्हं मारायचो आणि ती विचार करत करत निघायची.

एका रविवारी परफॉर्मन्स बघायला मामा आला. मी मुद्दाम शर्ट काढून, दंड दाखवत, जोरात वल्हं मारत निघालो. मागून फुरफुर आवाज आला. एक म्हैस पोहत आली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुढं गेली. लागलीच तिच्या मागची दुसरीही गेली.

मामा काठावर बसकण मारून हसत होता. "भाचा, म्हैसच घेऊन टाक! दूध बी देते!" आणि मी काठाला लागलो तेव्हा परत तेच, "हात मात्र चांगला शेतस तुना."

माझ्या डोक्यात सणक गेली. पुढच्या आठवड्यात अप्पा नांदगावला लग्नाला गेले. मी साच्यातून नवी कयाक काढली, एकट्यानं, माझ्या हिशोबानं. बसायच्या जागेला पूर्ण थर, कारण तिथं वजन येतं. बाजूंना कमी. नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, एकच. नाकावर कोण बसतंय?

अशी हलकी झाली की काय सांगू! पाण्यात टाकली तर बाणासारखी गेली. म्हशी मागं राहिल्या. मी त्यांच्याकडं वळून बघितलं सुद्धा.

अप्पा लग्नाहून परतले. कयाक एका हातानं उचलली, खाली ठेवली, परत उचलली. मी थरांचं सांगायला लागलो, पण ऐकायला ते थांबलेच नाहीत. "याला म्हणतात माझा हात!" असं म्हणून ते देवरे साहेबांना फोन करायला गेले.

* * *

अप्पा माळकरी. मासे धरायची नाव करणं त्यांना चालतं कसं, असं आईनं विचारलं होतं. अप्पांचं उत्तर तयार होतं, "आपण नाव करतो. गळ देवरे साहेब टाकतात. ज्याचं पाप त्याच्याकडं."

पण कोणीतरी टाकून बघायला हवा होता. आमच्यात कोणी जन्मात गळ टाकला नव्हता. मी काठापासून जवळच कयाक उभी केली, सिनेमातल्या हिरोसारखी काठी मागं नेली आणि सर्वशक्तीनिशी पुढं फेकली. गळ पुढं आलाच नाही. तो मागं, काठावर उभ्या असलेल्या काकांच्या माकडटोपीत होता.

काका एवढंच समजले की कोणीतरी डोक्यावरून टोपी ओढतंय. ते टोपी घट्ट धरून उलट्या दिशेनं पळाले. मी काठी सोडायला हवी होती. सोडली नाही, परदेशी होती, देवरे साहेबांची. कयाक माझ्यासकट, काकांच्या मागं, सरळ रेषेत काठाला आली. जरासुद्धा इकडं तिकडं न होता!

"सरळ चालते," अप्पा समाधानानं म्हणाले.

मी पकडलेला तो पहिला आणि शेवटचा.

* * *

आणि मग तो रविवार आला.

देवरे साहेब आले. माणूस भरलेला, शंभर किलोच्या घरातला. अप्पांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. काका नवी टोपी घालून आले होते. मामाची जीप सावलीला उभी होती, तोंड सटाण्याच्या दिशेला. माझी बॅग आईनं भरून ठेवली होती, "लागली तर लागली" म्हणून. मी ती भरलेली बघितली आणि न बघितल्यासारखं केलं.

देवरे साहेब कयाकमध्ये बसले. ती जराशी दबली आणि स्थिर राहिली. त्यांनी वल्हं मारलं. सरळ गेली. वळवली, वळली. थांबवली, थांबली. पाण्याच्या मधोमध त्यांनी गळ टाकला आणि नुसते बसून राहिले. आम्ही काठावर एका ओळीत उभे. बऱ्याच वेळानं त्यांना एक बोटभर मासा लागला. त्यांनी तो सोडून दिला आणि अप्पांनी लांबूनच हात जोडले.

साहेब काठाला आले. उतरले. कंबर वाकवून बघितली, गुडघे हलवून बघितले.

"कुठं काही दुखत नाही. पाणी साचत नाही. डुगडुगत नाही. आणि पळते काय हो!" मग अप्पांकडं बघून म्हणाले, "डझन नको. दोन डझन करा."

मी मामाकडं बघितलं. मामा काडीनं दात कोरत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची नजर माझ्या हातांवर नव्हती. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चिरंजीव, सुटलात!"

साहेब त्यांच्या गाडीकडं निघाले. तेवढ्यात अप्पा म्हणाले, "एक मिनिट साहेब. नारळ फोडू."

पिशवीतून सगळं निघालं. गळाच्या दोन्ही नळकांड्यांत अप्पांनी उदबत्त्या खोचल्या. नाकाला हळद-कुंकू लावलं. हार घातला. मग नारळ हातात घेतला.

"अप्पा," मी म्हणालो, "इकडं दगडावर फोडा."

"मी काय दगड विकतोय?"

"अप्पा, खरंच. दगडावर."

"राहू द्या हो, फोडा कुठंही," देवरे साहेब म्हणाले.

"नाही साहेब. तुम्ही बघा तर माल!" अप्पांनी नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

नारळ नाकातून आत गेला. तो काढायला कयाक उभी करून हलवावी लागली. आत बराच वेळ गडगडत होता. शेवटी बाहेर आला तेव्हा काकांनी तो उन्हात धरून सगळीकडून बघितला.

"ओरखडा नाही," काका म्हणाले.

सटाण्याला मी चार वर्षं कांदे निवडले.