देवघराखालचा जोड

रावेरच्या स्टेशन रस्त्यावर केळीच्या ट्रकांची वायरिंग करणारे भिकनभाऊ एक नियम पाळत: फॉल्ट सापडल्याशिवाय कोणताही पार्ट बदलायचा नाही. तीस वर्षांत त्यांनी तो मोडल्याचे मला माहीत नाही. मी लीलाधरशेठच्या केळी वखारीत कामाला आहे. पुढे जे झाले ते माझ्यासमोर झाले.

शेठनी जुन्या मिनीबसचे फिरते घर करून घेतले होते. आत पलंग, फ्रिज, ओटा आणि एका लाकडी खोक्यावर देवघर. खोक्याच्या पोटात इन्व्हर्टर. हा खटाटोप शेठच्या आईसाठी, लताबाईंसाठी. ऑक्सिजनच्या मशीनशिवाय त्यांचा अर्धा तासही निघत नसे आणि त्यांना सारंगखेड्याच्या दत्ताला जायचे होते.

निघायच्या सकाळी मशीन आणि फ्रिज एकत्र लावले की इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडू लागला. भिकनभाऊंना बोलावले. त्यांनी पायरीवर पाय ठेवला तोच लताबाई आतून म्हणाल्या, "आत देव आहेत. बाहेरूनच पाह्य."

भिकनभाऊ बौद्ध आहेत, हे गावात कोणाला सांगावे लागत नाही. त्यांनी पाय मागे घेतला.

बॅटरी बाहेरच्या डिकीत होती. मीटर लावला, साडेबारा व्होल्ट. मग मीटर ड्रायव्हर नवलच्या हातात देऊन त्यांनी इन्व्हर्टरपाशी मोजायला लावले.

"दहा!" नवल ओरडला.

"बॅटरी चांगली आहे, शेठ. अडीच व्होल्ट रस्त्यातच कोनी खाऊन राह्यलं. इन्व्हर्टरच्या मागं निगेटिव्ह वायरीचा जोड गंजला असंन. देव उचला, झाकण काढा, गंज घासा, मंग आवळा."

"पूजा झाली. संध्याकाळपर्यंत देव हलत नाहीत," लताबाई म्हणाल्या.

"मंग आज निघू नका, माय."

"आता मुहूर्तही तूच काढ!"

सगळे हसले. नवलने बाजूच्या फटीतून पाना घालून एक नट फिरवला आणि "झालं" म्हणाला. फ्रिज बंद ठेवल्यावर मशीन चालले.

"ऑक्सिजनचं जादा सिलिंडर घेतलं का?" भिकनभाऊंनी विचारले. सिलिंडर नव्हते; शेठनी दार ओढून घेतले आणि मीही नवलशेजारी बसून निघालो.

सावद्याच्या अलीकडे मशीन थांबले. शेठ फोनवर रडत होते, "भिकनभाऊ, या हो लवकर." त्यांच्या तोंडून मी ‘भाऊ’ पहिल्यांदा ऐकले.

ते मोटरसायकलवर आले तेव्हा लताबाईंचे ओठ निळे पडले होते. या वेळी देवांचे नाव कोणी काढले नाही. भिकनभाऊंनी देव एकेक उचलून पलंगावर ठेवले, झाकण काढले. जोड जळून काळा पडला होता. त्यांनी तो कानशीने घासला, पुन्हा आवळला. मशीन गुरगुरले. पाच मिनिटांत ओठांना रंग आला.

लताबाईंनी डोळे उघडले. आधी पलंगावरचे देव पाहिले, मग भिकनभाऊंचे काळे हात.

"याला आत कोनी घेतलं?"

"उतर आता," शेठ म्हणाले.

"झाकणाचे स्क्रू राह्यले, शेठ. दोन मिनिटं..."

"उतर म्हटलं ना!"

ते उतरले. लताबाईंना देव आणि देवांची जागा, दोन्ही धुऊन हवी होती. मी तांब्या भरून दिला. शेठनी झाकण तसेच वर टेकवले आणि त्यावर तांब्या वाकवला.

"पानी नका टाकू!" भिकनभाऊ रस्त्यावरून ओरडले. "माह्या हातानं बाटलं असंन तर फडकं फिरवा, पन पानी नका टाकू!"

"तू शिकवू नको," नवल म्हणाला.

पाणी फटीतून आत गेले. कडकन आवाज झाला, जळका वास सुटला. मशीन थांबले. या वेळी आवळण्यासारखे काही उरले नव्हते. नवलने गाडी भुसावळच्या दवाखान्याकडे पळवली, पण भुसावळ येण्याआधी लताबाई गेल्या.

दशक्रियेला शेठ प्रत्येकाला सांगत होते, "त्याचा हात देवाला लागला अन् माझी आई गेली." लोक माना डोलावत होते. तेव्हापासून वखारीचा एकही ट्रक भिकनभाऊंकडे जात नाही. इतरांचेही जाईनासे झाले.

परवा स्टँडवर ते भेटले. म्हणाले, "साहेब, तुम्ही तर होते ना तिथं? एकाला तरी सांगा."

मी घड्याळ पाहिले आणि माझी बस लागली आहे असे म्हणालो. बस लागलेली नव्हती, हे त्यांनाही दिसत होते.