ड्राय रनमध्ये आलेली फाइल

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कोणी असं काही सांगायला लागलं की सगळ्यांत आधी मीच हसतो. त्यामुळे हे इथे लिहिताना लाज वाटून राहिली आहे... आणि खरं सांगतो, लाज त्या अनुभवाची नाही, माझी स्वतःची आहे.

सौसरला बस स्टँडजवळ माझं फोटो-व्हिडिओचं छोटं दुकान आहे. फाइली इकडच्या तिकडे करायला मी माउस वापरत नाही. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करतो — आरसिंक. गिऱ्हाइकं आ वासून पाहतात आणि मला तेच आवडतं. लई शहाणा ना मी!

मागच्या उन्हाळ्यात लोधीखेड्याहून सुशीलाकाकू आल्या. त्यांचे मिस्टर वारले त्याला तीन महिने झाले होते. काका दुसऱ्यांच्या शेतात मजुरी करायचे, पण आवाज असा की भीमजयंतीचा कार्यक्रम त्यांच्याशिवाय सुरूच व्हायचा नाही. ती सगळी गाणी एका मेमरी कार्डात होती.

"जय भीम, प्रवीणभाऊ. याची अजून एक कापी काढून दे बाप्पा. हे कार्ड गेलं त मंग काईच नाई माह्यापाशी."

"दोन मिनटं, काकू."

मी वरचा बाण दाबला, म्हणजे जुनी कमांड पुन्हा येते. दुकान बंद करताना मी माझ्या डिस्कची कॉपी काढतो, त्या कमांडमध्ये --delete असतं. अर्थ सरळ आहे: पहिल्या जागी जे नाही, ते दुसऱ्या जागेवरूनही पुसून टाक. 'कुठून' आधी लिहायचं, 'कुठे' नंतर. त्या कमांडमध्ये जागा बदलताना मी नेमकं उलटं लिहिलं, आणि --delete काढायचंही राहिलं. नवं रिकामं फोल्डर आधी, काकूंचं कार्ड नंतर. खरं तर पहिले -n लावून पाहायचं असतं, त्याला ड्राय रन म्हणतात. काय होईल त्याची नुसती यादी दिसते, होत काहीच नाही. पण काकू पाहून राहिल्या होत्या ना... दाबलं एंटर.

एका सेकंदात कार्ड साफ!

आणि तोंडातून काय निघावं? "काकू, कार्ड आधीच खराब झालेलं दिसते... यात काहीच नाही."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग "बरं" म्हणाल्या आणि उठून गेल्या. कार्ड तिथेच राहिलं.

दोन दिवस रिकव्हरीचं एकूण एक सॉफ्टवेअर लावलं. एकही गाणं मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी, दुकानात एकटाच होतो, कार्डातून फोल्डरमध्ये असा सरळ ड्राय रन लावला. यादीत एक नाव आलं. फोल्डर उघडलं — तर फाइल तिथे हजर! अरे, -n होतं! स्क्रीनवर डोळ्यांसमोर होतं! ड्राय रनमध्ये काही कॉपी होतच नाही. कार्डात पाहिलं, ते रिकामंच.

फाइल लावली. काका गात होते. मधेच एक ओळ विसरले, तर मागून काकूंनी म्हणून दिली आणि दोघंही हसले.

मी तडक लोधीखेड्याला गेलो. ऐकताच काकूंनी पदर तोंडाला लावला.

"हे कुठून आनलं तू? माहा आवाज आला म्हणून त्याईनं हे तवाच मिटवलं होतं, जुन्या मोबाइलातून. हे कार्ड त मंग दोन वर्सानं घेतलं."

मला राहवलं नाही. "काकू, कार्ड खराब नव्हतं. मीच पुसलं... माझ्याच हातानं."

"मले मालूम हाय," त्या म्हणाल्या. "बसमंदी सौसर येईपर्यंत आयकतच आली होती मी. तू सांगशीन म्हणून वाट पाहून राहिली होती."

मान वर करता आली नाही मला.

ती फाइल कुठून आली, आजवर समजलं नाही. जाणकारांना विचारलं, तेही डोकं खाजवतात. त्यानंतर कितीदा तरी ड्राय रन लावून पाहिला, काही येत नाही. काकू मधूनमधून फोन करतात, "दुसरं काई निंगालं का रे?" आणि दर वेळी मला म्हणावं लागतं, "नाही, काकू."