चौथ्या खंडाचे शेवटचे पान

कादंबऱ्या मी निवृत्तीनंतर वाचू लागले. तोवरचे माझे वाचन म्हणजे पदार्थविज्ञानाची क्रमिक पुस्तके आणि पुढे प्रयोगशाळेतल्या उपकरणांची माहितीपत्रके. त्यामुळे भाईंदर पश्चिमेच्या आमच्या वाचनालयात सात खंडांची कादंबरी मागताना, आपण कुवतीबाहेरचे काही मागतो आहोत की काय, असा संकोच वाटला.

मिठागरांच्या काठी राहणाऱ्या एका कुटुंबाची ती कथा होती. पहिले तीन खंड दोन महिन्यांत संपले. चौथ्यात मात्र मी अडले. तिसऱ्याच्या अखेरीस धाकट्याशी वाटणीवरून तावातावाने भांडणारा थोरला भाऊ चौथ्याच्या आरंभीच दिवंगत झाला होता. घरात त्याचे वर्षश्राद्ध चालले होते आणि कोणालाही त्याचे नवल वाटत नव्हते. तो केव्हा गेला, हे मला आठवेना. यजमानांच्या कार्डावर तिसरा खंड पुन्हा आणून वाचला. वहीत सगळ्या घराण्याची वंशावळ काढली. तरी थोरल्याच्या मरणाचा पत्ता लागेना.

चौथ्या खंडाची मुदत मी तीनदा वाढवून घेतली आणि तीनदा त्याच्या मध्यावर थांबले. "अजून चौथाच?" यजमान थट्टेने विचारत. त्यांना ठाऊक नव्हते की मला भीती वाटत होती ती कादंबरीची नव्हे. माझ्या आईची स्मृती उतारवयात गेली, त्याची सुरुवातही अशीच झाली होती: कोण हयात आहे आणि कोण नाही, हे तिला सांगावे लागे.

शेवटी एका शनिवारी खंड परत केला आणि पुढचे नकोत म्हणून सांगितले. ग्रंथपाल बाईंनी कारण विचारले. काही तरी सांगून सुटावे, असे मनात असतानाच माझ्या तोंडून खरे ते निघून गेले.

बाईंनी परत केलेला खंड पुढे ओढला. "शेवटचं पान बघितलं नाहीत का, काकू?"

शेवट आधी पाहू नये, हा माझा कटाक्ष. त्यांनी पान उघडून समोर धरले. छापील मजकुराखाली पेन्सिलीने लिहिले होते : 'हा खरा पाचवा. पाठीवर ५ आहे तो चौथा, तो आधी वाचा. गोडदेवची एक वाचक.'

नव्या बांधणीत दोन्ही खंडांची पहिली पाने गेली होती आणि बाइंडरने पाठीवरचे आकडे एकमेकांच्या जागी चिकटवले होते.

"आमच्याकडे सगळे आधी शेवटचंच पान बघतात," बाई म्हणाल्या. "म्हणून कधी कोणाची तक्रार आली नाही."

मी खंड घेऊन बाकावर बसले. मग त्यांच्याकडून पेन्सिल मागून घेतली. पुस्तकात लिहिणे मला जन्मभर असभ्य वाटत आले आहे. तरी त्या खंडाच्या उरलेल्या पहिल्या पानावर, शक्य तितक्या बारीक अक्षरात मी लिहिले : 'हा पाचवा खंड आहे. आपली स्मरणशक्ती उत्तम आहे.' खाली सही करण्याचे धैर्य मात्र झाले नाही.

खरा चौथा खंड घेऊन चालत घरी आले. बुधवारी दुपारी, एकशे बाराव्या पानावर, थोरला भाऊ तापाने वारला. मी पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला. माझा चेहरा पाहून यजमानांनी विचारले, काय झाले.

"थोरला गेला," मी आनंदाने सांगितले.