पुहेतिनीने नाव परत केलं तेव्हा

आमच्या खोऱ्यात नाव नुसतं हाक मारायला नसतं. नावाबरोबर जमीन येते, पूर्वज येतात आणि त्यांचा देवचौथराही गळ्यात पडतो. माझा भाऊ जन्मला तेव्हा आजोबांनी आपलं नाव त्याला दिलं, पुहेतिनी. झालं! पोर अडकलं. पुहेतिनीने खोरं सोडायचं नाही, चौथऱ्यावर गवत माजू द्यायचं नाही. सत्तर वर्षं त्याने तिथलं गवत उपटलं आणि उरल्या वेळात दगड घडवले.

त्याची मुलगी पापीतेला, दूरच्या बेटावरच्या मोठ्या शहरात. "बाबा, या आता," म्हणून तिचे निरोप यायचे. इथे त्याचे गुडघे गेलेले, खोऱ्यात पाच चुली उरलेल्या.

"मेल्याशिवाय सुटका नाही गं माझी," तो म्हणायचा. त्याच्या जागी नाव घ्यायला कोणी तयारच होईना. पुतण्या तर तोंडावर हसला, "काका, नाव घेतो, पण गवत तुम्हीच उपटा!"

मग त्याने वरच्या खाणीतून लाल दगड आणला, चौथऱ्याला आहे तसलाच, आणि आजोबांची मूर्ती घडवायला घेतली. लहानपणी पाय चेपताना पाहिलेलं त्यांचं गोंदण, मांडीपासून घोट्यापर्यंत, रेघ न् रेघ दगडावर उतरवलं. चार महिने गेले त्यात. मूर्ती चौथऱ्यावर बसवून सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, तुमचं नाव तुम्हाला परत. आजपासून पुहेतिनी तुम्हीच."

"आणि तुला काय म्हणायचं?" मी विचारलं.

"थेरड्या म्हण, काहीही म्हण. पण त्या नावाने हाक मारू नकोस, बाई. मी ओ दिली की नाव परत माझ्याच मानगुटीवर."

तीन आठवडे सगळं खोरं जीभ सांभाळून होतं. बोट आली त्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी मांडीवर घेऊन बोटीपर्यंत नेणाऱ्या होडीत बसला. इतका हसताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझा मात्र नवरा गेला, मूलबाळ नाही, आता हाही चालला.

होडी काठापासून सुटली. त्याची छिन्नी माझ्या हातात होती.

"पुहेतिनी!" मी ओरडले. "अरे, छिन्नी राहिली!"

"ओ!"

सत्तर वर्षांची सवय ती. वल्ही थांबली. तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि पिशवी डोक्यावर घेऊन काठावर आला.

बाईची जीभ घसरली, काय करणार, असं लोक म्हणाले. आता रोज सकाळी तो चौथऱ्यावरचं गवत उपटतो, त्या मूर्तीभोवतीचंही. परवा नीरफणसाची आंबवलेली पोपोई खाता खाता म्हणाला, "छिन्नी मी पिशवीत अगदी तळाशी घातली होती गं. बाहेर कशी आली?"

मीच काढली होती. मी त्याच्यापुढे आणखी थोडी पोपोई वाढली आणि त्याने ती मुकाट्याने खाल्ली.