घडीबाईचे वाक्यात उपयोग

हॉटेलच्या तळघरात चादरींच्या आणि उशांच्या अभ्र्यांच्या घड्या घालणाऱ्या बाईचं खरं नाव लोक विसरूनच गेले. सगळे तिला घडीबाई म्हणत. घडी अशी, की फूटपट्टी लावून बघा! पण अलीकडे गुडघ्यांनी दगा दिला होता. गठ्ठा घेऊन जिना चढताना ती मध्येच कठडा धरून उभी राहायची.

अशात काउंटरवरची मुलगी लग्न होऊन गेली. बसून करायचं काम, जिना नाही! मालकीणबाईंनी सांगून टाकलं, "आतल्याच कुणाला घेईन. पण इंग्रजी हवं. मी शब्द देणार, तुम्ही वाक्यात उपयोग करायचा."

इंग्रजी घडीबाईला येत होतं. शाळेतलं नव्हे, तळघरातलं. तिथल्या मुख्य, मोठ्या बाई, खूश असल्या की मराठी बोलायच्या आणि पित्त खवळलं की इंग्रजी. आणि त्या खूश क्वचितच असायच्या. मग काय, घडीबाईचं इंग्रजी पक्कं होणारच.

संध्याकाळी लेकीने भाजी निवडता निवडता उजळणी घेतली.

"लेट."

"व्हाय आर यू लेट?"

"क्लीन."

"यू कॉल धिस क्लीन?"

"सॉरी."

"सॉरी इज नॉट इनफ!"

लेक हसून हसून लोळायची बाकी राहिली. "अगं आई, पाहुण्यांशी बोलायचंय, भांडायचं नाहीये!"

"का, वाक्यं चुकली?"

"नाही ना चुकली. तीच तर पंचाईत आहे."

घडीबाई हिरमुसली. गोडीचं इंग्रजी कधी कानावर पडलंच नव्हतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई समोर बसल्या, शेजारी मोठ्या बाई. पहिला शब्द आला, वेट. "वेट आउटसाइड!" घडीबाई म्हणाली. मग टाइम. "डोन्ट वेस्ट माय टाइम!" अगदी त्याच ठसक्यात. मोठ्या बाईंना एकाएकी खोकला आला.

"वाक्यं बरोबर आहेत हो," मालकीणबाई म्हणाल्या, "पण अशाने गिऱ्हाईक आल्या पावली परत जाईल. हा शेवटचा शब्द. नीट विचार करून बोला. टायर्ड."

याचं वाक्य तर जिभेवरच होतं. ती जिन्यात टेकली होती तेव्हा मोठ्या बाईंनीच ऐकवलेलं. इफ यू आर टायर्ड, गो होम. तेच म्हणायला तिने तोंड उघडलं आणि तिला राग आला. तेव्हा मुकाट्याने गिळलेला सगळा राग आत्ता आला. तिने ते वाक्य तिथेच सोडून दिलं.

"यू आर टायर्ड," ती सावकाश, शब्द जुळवत म्हणाली. "प्लीज सिट. आय विल ब्रिंग वॉटर."

"वा! सोमवारपासून काउंटरवर या," मालकीणबाई म्हणाल्या आणि उठल्या.

मोठ्या बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. "हे कुठे शिकलीस गं? मी तर कधी असं..."

"नाही, तुम्ही नाही बोललात," घडीबाई म्हणाली. "त्या दिवशी जिन्यात मला जे ऐकायचं होतं ना, ते मी बोलले."