भिंतीवर न लावलेल्या तसबिरी

रघुनाथ गेल्याचं मला जामखेडच्या भुसार दुकानात कळलं. चार दिवस लेकीच्या गावी होतो, तिथून नुकताच परतलो होतो. सांगणारा माणूस कुठलीही गोष्ट दीडपट करणारा, म्हणून मी त्याला उलटसुलट विचारलं. कुठल्या वेळी, कुणाच्या देखत, डॉक्टर कोण आला होता… शेवटी तो वैतागला. "अहो, मी मातीला जाऊन आलोय!" तेव्हा कुठं मी खरं धरलं.

रघुनाथ माझा शाळेपासूनचा मित्र. गावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची जोडपी, बारशाची बाळं, नोकरीच्या अर्जाचे फोटो, असा त्याचा सरळ धंदा. दुष्काळ पडला आणि खर्ड्याच्या रस्त्याला खडी फोडायचं काम निघालं, तेव्हा हा रोज सकाळी कॅमेरा घेऊन तिकडं जाऊ लागला. कुणी बोलावलेलं नाही, कुणी फोटो मागितलेला नाही. मला हे पटेना. "कुणासाठी काढतोस?" असं मी दोन-तीनदा विचारलं. "काढून बघतोय," एवढंच तो म्हणायचा. मुकादमाला वाटे, हा वरून पाठवलेला माणूस आहे. बायकांना वाटे, हा मुकादमाचा माणूस आहे. मला वाटे, माझ्यापासून काहीतरी लपवतोय.

लपवत होताच. मुंबईच्या एका गॅलरीचा जाणकार त्याची ही छायाचित्रं पाहायला येणार होता. पसंत पडली तर तिकडं प्रदर्शन भरणार होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हौसेचे फोटो काढलेल्या माणसाला ही एकच संधी आली होती. त्याने शाळेचा हॉल मागून घेतला. मोठ्या प्रती काढल्या. बायकांचे चेहरे, धुळीने पांढरे झालेले, हातोडा उगारताना मिटलेले डोळे. चित्रं चांगली होती, हे मी तेव्हाही मान्य केलं. पण मुंबईच्या माणसाला आमच्या धुळीत काय दिसलं, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

घोटाळा झाला तो चौकटी करणाऱ्यामुळे. आमच्याकडे मोठा फोटो काचेत बसवायला कोण आणतं? ज्याच्या घरचं माणूस गेलंय तोच. त्या कारागिराने आयुष्यभर तेवढंच काम केलेलं. त्याने नेहमीच्या सवयीने काळ्या चौकटी केल्या, स्वतःच त्या हॉलच्या भिंतीवर टांगल्या आणि रघुनाथ पाहुण्याला आणायला स्टँडवर गेलेला असताना प्रत्येकीला चंदनाचा एकेक हार घालून ठेवला. आपल्याकडून भेट म्हणून!

बाजाराचा दिवस होता. फोटो लागलेत हे ऐकून कामावरच्या बायका हॉलमध्ये शिरल्या. मी दाराशीच होतो.

"आगं, ही मी हाय की!" हौसाबाई ओरडली. "मला मारलं का काय ह्यांनी?"

"तू गेलीस व्हय गं? आन् आमाला तेराव्याचं जेवान न्हाई घातलंस!" शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या.

हौसाबाई हसली नाही. "दात काढू नका. तुमी बी हायेत त्या भितीवर. उंद्या मुकादम म्हनंल, ही तर मेली, हिची हजेरी कशाला? मग?"

हसणं थांबलं. तेवढ्यात रघुनाथ पाहुण्याला घेऊन आत आला. हार पाहून त्याचा चेहरा उतरला. त्याने ते भराभर काढले, हात जोडले, समजावलं. हौसाबाई एकच बोलली. "दादा, जित्या मानसाला भितीवर टांगायचं न्हाई. मला खाली उतरीव."

पाहुणा इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाला, "भिंतीशिवाय प्रदर्शन कसं होणार? मुंबईला तर हे लावावेच लागतील."

रघुनाथने स्टूल ओढलं आणि सगळ्या तसबिरी उतरवल्या. बायका बाकांवर बसल्या, आपापली तसबीर मांडीवर घेऊन. पाहुणा एकेकीसमोर थांबला, पण त्याला काचेतल्या चेहऱ्याकडे बघावं की वरच्या, हे ठरवता येईना. "कळवतो," म्हणून तो गेला. पुढे काही कळवल्याचं माझ्या कानावर आलं नाही.

रघुनाथने मुंबईचा विषय सोडला, हे मला बरेच दिवस खरं वाटत नव्हतं. एवढी संधी कुणी अशी सोडतं का? याने मागाहून गुपचूप प्रती पाठवल्या असणार, असा माझा संशय होता. त्याला तसं विचारलंही. तो नुसता हसला होता.

परवा स्टुडिओत गेलो. वहिनींनी रघुनाथचा फोटो चौकटीत बसवून आणला होता, तो लावायचा म्हणून मी हातोडी आणि खिळा घेऊन गेलो. त्या फोटोंच्या निगेटिव्हची पेटी समोर उघडी होती. एकेक निगेटिव्ह उजेडात धरून पाहिली, सगळ्या जागच्या जागी होत्या. वहिनींना प्रतींचं विचारलं. म्हणाल्या, "त्या मागायला मुंबईहून दोनदा माणूस येऊन गेला, भाऊजी. ह्यांनी चहा पाजून परत पाठवला."

हे मला त्याने कधी सांगितलं नव्हतं.

त्या बायकांच्या तसबिरी खाली, भिंतीला टेकवून, एका फळीवर ओळीने उभ्या होत्या. त्याच ओळीत, हौसाबाईच्या शेजारी, रघुनाथ.

"वहिनी, ह्याला वर…"

"राहू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "इतक्यात नको."

मी खिळा खिशात घातला.